एका जागेने सरकलेले आकडे

ऑफिसात त्याला सगळे काटकसरे म्हणतात. नव्याने लागलेल्या एका मुलीला ते आडनावच वाटलं आणि तिने त्याला ‘आदरणीय काटकसरे सर’ अशी मेल पाठवली. त्या दिवसापासून नाव पक्कं झालं. पैशांच्या बाबतीत तो चिक्कू नाही, चहाचं बिल द्यायला पुढेच असतो. त्याची काटकसर बाइटची. संगणकात माहिती साठवताना एक बाइट जरी फुकट गेला तरी त्याला हळहळ वाटते. ‘याच्या वाढदिवसाला केकसुद्धा दाबून आणा,’ असं त्याच्या मॅडम म्हणतात. कंपनी त्यांच्याच मालकीची आहे.

कंपनी लहान आहे. ती कानाची यंत्रं बनवत नाही, ती यंत्रं माणसाच्या कानाला बेतणारा प्रोग्राम बनवते. तपासणी केंद्रात माणसाला बंद खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले जातात, आणि त्याला काय ऐकू आलं, काय नाही यावरून आकड्यांची एक रांग तयार होते. एकूण आवाज किती ठेवायचा, पातळ आवाज किती उचलायचे, मधले किती, जाडे किती, आणि कुठल्या मर्यादेच्या वर काहीच जाऊ द्यायचं नाही. पातळ म्हणजे घंटी, शिट्टी, ‘स’ आणि ‘श’. जाडे म्हणजे पंखा, बस, दार आपटणं. ही रांग यंत्रात भरली जाते आणि केंद्राच्या संगणकातही राहते.

ती साठवायचं काम काटकसरेंचं. त्यासाठी त्याने पायथन या संगणकाच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा प्रोग्रामचा संच, निवडली. प्रोग्राममधली माहिती घ्यायची, दाबून बाइटच्या सलग पट्टीत बांधायची आणि मागितली की उलगडून जशीच्या तशी परत द्यायची, एवढंच ती करते आणि फार वेगाने करते. बांधलेली पट्टी माणसाला वाचता येत नाही. बांधण्याचे प्रकार दोन. एकात प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं नावही बांधतात, कपाटाच्या खणांवर चिठ्ठ्या लावाव्यात तसं. दुसऱ्यात नुसते आकडे, ओळीने. मोजे कुठे आहेत? वरून तिसऱ्या खणात. क्रम पाठ असेल तर चिठ्ठी लागत नाही.

त्याने दुसरा प्रकार घेतला. प्रोग्राम तपासून बघायचं काम करणारी त्याची सहकारी तेव्हाच म्हणाली होती, “नावं घाला हो. चार बाइट जास्त गेले तर आभाळ कोसळत नाही.”

“चाळीस हा आकडा एका बाइटात मावतो. त्याचं नाव दहा बाइट खाणार. नाकापेक्षा मोती जड.”

“आणि उद्या मध्येच एखादा खण वाढला तर?”

“वाढवणारा मीच ना? मला नाही कळणार?”

“निदान पहिल्या खणात आवृत्तीचा आकडा ठेवा. ही पट्टी जुनी, ही नवी, एवढं तरी समजेल.”

“एवढी धास्ती असेल तर विमा उतरवा,” तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. तीही हसली, पण तिने ते आपल्या शंकांच्या फाइलीत लिहून ठेवलं. तिच्या शंकांना ऑफिसात कुणी मनावर घेत नसे.

काटकसरेंची आई सूतगिरणीत होती. आयुष्याचा मोठा भाग तिने चात्यांच्या रांगेत काढला. यंत्राचा आवाज डाव्या बाजूने यायचा, म्हणून डावा कान आधी गेला, मग उजवा. घरात तिच्याशी ओरडून बोलायची सगळ्यांना सवय होती. मुलगा याच धंद्यात शिरल्यावर त्याने तिला केंद्रात नेलं, तपासणी करवली, यंत्रं बसवली. बाहेर पडल्यावर ती दारातच थांबली आणि म्हणाली, “माझ्या चपला इतक्या वाजतात? मग तुम्ही कुणी बोलला कसे नाहीत?” हा किस्सा तो ऑफिसात कितीदा तरी सांगायचा.

ती एकटी राहायची. एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली आणि मागे स्वयंपाकापुरती जागा. भाड्याची, पण तिच्या नावावर. नवरा गेल्यावर मुलीने बोलावलं, मुलाने बोलावलं. ती गेली नाही. “दुसऱ्याच्या घरात पाहुणीसारखं बसायचं आणि चहा कधी मिळेल याची वाट बघायची. मला नको ते,” असं ती म्हणे. खोलीत शिलाई मशीन होतं. इमारतीतल्या बायका पँट आखूड करायला, चेन बदलायला, उसवलेलं शिवायला तिच्याकडे यायच्या आणि तासभर बसायच्या. यंत्र लागल्यापासून त्या जास्तच बसू लागल्या होत्या.

मग प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. मोकळ्यावर चालताना वाऱ्याचा घोंघाट कानात भरतो अशी तक्रार होती. तो दाबण्यासाठी आणखी एक आकडा लागणार होता. शहाणपण असं सांगतं की नवा आकडा रांगेच्या शेवटी जोडावा. काटकसरेंनी तो दुसऱ्या जागी घातला, एकूण आवाजाच्या लगेच खाली. कारण पडद्यावर तो आकडा तिथेच दिसत होता, आणि पडद्यावरचा क्रम एक नि आतला क्रम दुसरा हे त्याला गबाळं वाटलं. जुन्या पट्ट्यांत एक आकडा कमी पडणार होता, पण त्याची सोय होती. पट्टी अपुरी निघाली तर शेवटच्या जागी नेहमीची किंमत भरून पुढे जायचं, असा नियम त्याने पूर्वीच लिहिलेला होता. त्यामुळे प्रोग्राम कुठेही अडखळला नाही, कुठेही लाल अक्षरं उमटली नाहीत.

“जुन्या पट्ट्या उघडून बघितल्यात?” सहकारीने विचारलं.

“उघडतात,” तो म्हणाला.

आणि त्या उघडत होत्याच. उघडल्यावर आत काय निघतं, ते कुणी बघितलं नाही.

आत सगळं एका जागेने सरकलं होतं. पातळ आवाजांचा आकडा वाऱ्याच्या जागी गेला, मधल्यांचा पातळच्या जागी, जाड्यांचा मधल्यांच्या जागी. आणि मर्यादेचा भलामोठा आकडा जाड्या आवाजांच्या डोक्यावर येऊन बसला. आकडा तो आकडाच, त्याच्या अंगावर नाव नाही. लायब्ररीने दिला तसा परत केला. तिच्यात दोष नव्हता.

नव्या माणसांना काहीच झालं नाही, कारण त्यांच्या पट्ट्या नव्या क्रमानेच बांधल्या गेल्या. त्रास फक्त जुन्यांना, तोही यंत्र साफसफाईला आणल्यावर, जुनी नोंद पुन्हा भरली तरच. आईचं यंत्र अशाच साफसफाईला गेलं. काटकसरे स्वतः ते घेऊन गेला होता, आईही बरोबर होती. केंद्रातल्या तपासनीस बाई म्हणाल्या, “आल्याच आहेत तर कान पुन्हा तपासून टाकू. वर्ष झालं.”

“कशाला तिला त्या खोलीत कोंडता? नोंद आहे की. तीच भरा,” तो म्हणाला. मग जरा ऐटीत, “आमच्या प्रोग्राममध्ये काही हरवत नाही.”

बाईंनी नोंद भरली.

पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, “अरे, यात नुसता घूं घूं आवाज येतो. माणसं बोललेली कळत नाहीत.”

“आई, साफ करून आणलंय. सवय होईल.”

“आधी होती की सवय.”

“मग आता काय झालं? यंत्र तेच, आकडे तेच. तू जरा लक्ष देत जा.”

हे ‘लक्ष देत जा’ त्याने पुढे किती वेळा म्हटलं याचा हिशेब नाही. सुरुवातीला समजावून, मग वैतागून, नंतर पाहुण्यांसमोरही. आई यंत्र काढून ठेवायला लागली. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “घातलंयस का?” ती घातलं नसतानाही हो म्हणायची आणि तिच्या उत्तरांवरून ते लगेच उघडं पडायचं. मग तो म्हणायचा, “लहान मुलासारखं खोटं बोलतेस.” शिवायला येणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या. बोललेलं कळत नाही अशा बाईपुढे तासभर कोण बसणार?

त्याची बहीण दुसऱ्या शहरात असते. तिने एकदा विचारलं, “यंत्रात बिघाड नसेल ना रे?”

“ताई, मी काय करतो ते माहीत आहे ना तुला? यंत्र ठीक आहे. आईचंच जरा... वय झालंय.”

‘आईचंच जरा’ याच्या पुढचा शब्द दोघांनीही उच्चारला नाही, पण दोघांच्या मनात तो ठरून गेला.

याच सुमारास ऑफिसात तीन-चार केंद्रांतून तक्रारी आल्या, जुनी गिऱ्हाईकं कुरकुरताहेत म्हणून. मॅडमनी बैठकीत विचारलं, काय उत्तर द्यायचं? काटकसरेंनी तिथल्या तिथे वाक्य सांगितलं, ‘वयोमानाप्रमाणे श्रवणशक्ती क्षीण होत जाते, तरी आपण पुन्हा तपासणी करून घ्यावी.’ मॅडमना ते आवडलं. सगळ्या केंद्रांना तेच गेलं.

मग कुकर जळला. आईने तो गॅसवर चढवला, पुढच्या खोलीत उसवण काढत बसली आणि शिट्ट्या तिला ऐकूच आल्या नाहीत. पाणी आटलं, आतलं जळून कोळसा झालं, धूर जिन्यात आला. शेजारीण घंटी वाजवत राहिली. तीही ऐकू आली नाही. शेवटी कुणीतरी दारावर लाथ मारली तेव्हा आईने दार उघडलं आणि म्हणाली, “एवढ्या जोरात कशाला? मी काय बहिरी आहे?” हा विनोद इमारतीत आठवडाभर फिरला. यंत्र त्या वेळी तिच्या कानात होतं. काटकसरेंनी ते आल्या आल्या बघितलं होतं आणि त्याचा निष्कर्ष असा निघाला: यंत्र कानात असूनही ऐकलं नाही, म्हणजे प्रश्न कानाचा नाही.

खोली सोडायचं दोघा भावंडांनी ठरवलं. आई पहिल्यांदा भांडली, मग गप्प झाली. आपलं डोकं फिरत चाललंय असं तिलाही वाटू लागलं होतं. ते तिने सुनेला नंतर सांगितलं. घरमालकाने किल्ली घेतली आणि महिन्याच्या आत दुसरं कुटुंब ठेवलं. शिलाई मशीन मुलाच्या घरी गॅलरीत ठेवलं. त्याच्यावर कपडे वाळत घालायची सोय झाली.

मुलाच्या घरी आई सोफ्याच्या कडेला बसायची. खरोखरच पाहुणीसारखी. एका रविवारी दुपारी जेवणं चालली होती. नात काहीतरी सांगत होती, आजी भलतीकडेच मान डोलावत होती. काटकसरे म्हणाला, “आई, यंत्र!”

ती म्हणाली, “काढलं की तुझं तोंड बघून कळतं तरी. घातलं की पंखाच बोलतो.”

“झालं सुरू,” तो म्हणाला.

त्याची बायको ताट उचलता उचलता थांबली. “तू कधी घालून बघितलंयस ते?”

“मी कशाला घालू? मला ऐकू येतं.”

“म्हणूनच घालून बघ. त्या रोज पंखा पंखा म्हणतात. एकदा पंखा ऐक तरी.”

चेष्टेवारी नेत त्याने एका कानाचं यंत्र पुसलं, आवाज कमी केला आणि कानात घातलं. दुसऱ्या कानात बोट घातलं. पंखा गिरणीसारखा गरगरला. खालून गेलेली बस छातीतून गेल्यासारखी वाटली. बायको समोर उभी राहून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना दिसले, आवाज आला, पण त्यातले शब्द कुणीतरी खरवडून काढल्यासारखे गुळगुळीत होते. “पुन्हा बोल,” तो म्हणाला. ती पुन्हा बोलली. एकही ‘स’ त्याच्यापर्यंत पोचला नाही.

पातळ आवाज कोणत्या आकड्यावर चालतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, तो आता काय बोलणार हे वाचण्यासाठी. तो उठला. हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने आईची जुनी पट्टी उलगडली आणि पडद्यावर आकडे नावांसमोर मांडले. वाऱ्यासमोर चाळीस. चाळीस त्याच्या ओळखीचा होता. तो पातळ आवाजांचा होता, तपासणीच्या दिवशी त्याने स्वतः वाचला होता. पुढचं बघायची गरज नव्हती, तरी त्याने सगळे बघितले. मग त्याने सहकारीला बोलावलं. तिने खुर्ची ओढली, वाकून बघितलं, आणि ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही. ती म्हणाली, “किती जणांना भरलंय हे?” तो प्रश्न जास्त वाईट होता, कारण रविवार दुपारपासून त्याला एकटी आईच आठवत होती.

दुरुस्ती त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत केली. आवृत्तीचा आकडा, खणांना नावं, सगळं. पट्टी फुगली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या, मग कामाला लागल्या. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून यंत्रं पुन्हा भरून द्यायची असं ठरलं. केंद्रांना पाठवायचं पत्र काटकसरेंनी लिहिलं. त्यात ‘आमच्या चुकीमुळे’ असे शब्द होते. मॅडमनी ते खोडून ‘प्रोग्राममधील सुधारणेनुसार’ असं केलं आणि विचारलं, “चालेल ना?” तो चालेल म्हणाला. त्या वाक्यात त्याची मान सुटत होती, पण आधी गिऱ्हाइकांच्या वयावर ढकललेला दोष तसाच राहत होता, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार याही पत्रात चालूच होता. हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. तरी तो चालेल म्हणाला.

आईला मात्र सुधारणा म्हणून सांगता येणार नव्हतं. संध्याकाळी त्याने तिच्या यंत्रात बरोबर आकडे भरले आणि समोर बसला. ती दोन-तीनदा मान हलवून इकडेतिकडे ऐकत राहिली. स्वयंपाकघरात वाटी ठेवल्याचा आवाज आला तशी ती तिकडे वळली.

“आलं,” ती म्हणाली. “काय केलंस?”

त्याने सांगितलं. खण, चिठ्ठ्या, सरकलेला आकडा, सगळं सोप्या शब्दांत.  शेवटी तिने एवढंच विचारलं, “म्हणजे मी ठीक होते?”

“हो.”

“तेव्हापासून?”

“सगळा वेळ.”

“आणि तू मला लक्ष दे म्हणत होतास.”

तो खाली बघत राहिला.

“वर बघ. ऐकू येतंय मला आता, तोंड वाचायचं नाहीये. पण बघ वर.” त्याने बघितलं. “खोली मिळेल परत?”

“नाही. विचारलं मी मालकाला. त्यांनी करार केलाय. दुसरी बघू, त्याच भागात...”

“ते बघूच. आधी ताईला सांग. आत्ता, माझ्यासमोर.” त्याने फोन लावला. बहीण ऐकत राहिली, मग म्हणाली, “मी विचारलं होतं रे तुला,” आणि रडायला लागली. आईने फोन काढून घेऊन तिला गप्प केलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “आता इमारतीत. तिथे मला काय म्हणतात ठाऊक आहे तुला? म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणून मुलाने नेली. त्याच भागात खोली घ्यायची तर हे डोक्यावर घेऊन नाही राहणार मी. तू चल आणि दारोदार सांग.”

“आई, मी फोन करतो त्यांना.”

“कुकर जळला तेव्हा फोन केला होतास? आला होतास ना धावत? तसाच चल.”

शनिवारी सकाळी दोघं गेली. आईने चांगली साडी नेसली होती. पहिला मजला, तिच्या जुन्या दाराच्या समोरचं दार. घंटी तिनेच दाबली आणि ती वाजताना मान किंचित कलती करून ऐकली. शेजारणीने दार उघडलं, “अगंबाई, या या,” केलं, आत बसवलं. तिचा नवराही येऊन बसला. काटकसरेंनी जिन्यात तयार केलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. यंत्रात बिघाड होता. बिघाड प्रोग्राममुळे झाला. प्रोग्राम त्याने लिहिला होता. आईला काहीही झालेलं नव्हतं.

शेजारीण हळहळून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिने आईच्या हातावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “असू दे हो. वय झालं की व्हायचंच. त्यात लाजायचं काय?”

नवरा काटकसरेंकडे वळून आवाज खाली आणत म्हणाला, “समजतं आम्हाला. आईचा कमीपणा दिसू नये म्हणून स्वतःवर घेताय. आजकाल कोण करतं एवढं? असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.”

 काटकसरे नाही म्हणायला गेला, पण समोरची दोघं त्याच्याकडे इतक्या आदराने बघत होती की ते राहूनच गेलं. निघावं असं त्याच्या मनात आलं. तो अर्धवट उठलाही.

आई उठली नाही. खालच्या आवाजात बोललेलंही तिने सगळं ऐकलं होतं.

“बस,” ती त्याला म्हणाली. “यांना कळलं नाही. पुन्हा सांग. नीट सांग, पहिल्यापासून.”

तो बसला आणि पुन्हा सुरुवात केली. वरच्या मजल्यांवर अजून दारं होती.